आभारप्रदर्शन शेवटी कशाला?

मागच्या हिवाळ्यात आमच्या गावच्या वाचनालयाचा कार्यक्रम होता. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, सत्कार, प्रमुख भाषण, अध्यक्षीय समारोप, आणि पत्रिकेच्या अगदी तळाशी बारीक टाइपात आभारप्रदर्शन. हे शेवटचे काम माझ्याकडे होते. अध्यक्षांनी सव्वा तास घेतला. ते खाली बसतात न बसतात तोच मागून चहाचा वास आला आणि मंडळी उठली. मी खिशातली चिठ्ठी काढून माइकसमोर उभा राहिलो तेव्हा सभागृहात तिघेच उरले होते. एक सतरंजी गुंडाळणारा, एक स्पीकरवाला आणि तिसऱ्या रांगेत झोपलेले एक गृहस्थ. मी तिघांचेही मनापासून आभार मानले. झोपलेल्या गृहस्थांचे जरा जास्तच, कारण ते शेवटपर्यंत जागचे हलले नव्हते. एवढ्यात स्पीकरवाला म्हणाला, “साहेब, आटपा लवकर. मला पुढं एक साखरपुडा आहे.”

घरी येऊन सौ.ला हे सांगितले. दोघेही पोट धरून हसलो. मग ती म्हणाली, “आपल्याकडं आभाराचं असंच असतं. माणसं उठून गेल्यावर.”

ती हे सहज बोलली आणि भाकऱ्या करायला आत गेली. मी मात्र त्या वाक्यापाशी अडकलो. इतक्या वर्षांच्या डॉक्टरकीत मी कितीतरी घरी दहाव्याला, तेराव्याला गेलो आहे. “फार केलं हो त्यांनी आमच्यासाठी,” हे वाक्य प्रत्येक ठिकाणी ऐकले आहे. ज्यांनी केले, ते ऐकायला नव्हते.

वाचकहो, या सदरात आपण रक्तदाब, मधुमेह, पावसाळ्यातले पाणी, मुलांच्या लसी अशा विषयांवर बोलतो. आज दोन साध्या सवयींबद्दल लिहितो आहे. एक हसण्याची आणि दुसरी आभार मानण्याची. दोन्ही तब्येतीला हितकारक आहेत, हे माझे मत आहे. पण दोन्हींचा गैरवापर होतो, हेही माझे मत आहे, आणि ते सोसून झालेले आहे. म्हणून जरा सविस्तर.

दवाखान्यातले हसू

आमच्या गावचा बाजार शनिवारी असतो. त्या दिवशी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसते. अशाच एका शनिवारी एका आजींच्या दंडाला पट्टा बांधून मी म्हटले, “आजी, बी.पी. बघतोय, जरा गप्प बसा.” आजी म्हणाल्या, “गप्प बसले की माझं बी.पी. वाढतं, डॉक्टर.” सगळा बाक हसला. (खरे तर उलट असते. बोलत असताना मोजला तर रक्तदाब जास्त दिसतो. तेव्हा आजींचे ऐकू नका. पाच मिनिटे शांत बसा आणि मगच मोजून घ्या.)

दुसरे एक काका. साखर अडीचशेच्या वर. मी विचारले, “गोड बंद केलंत ना?” म्हणाले, “पूर्ण बंद. फक्त चतुर्थीला एक मोदक.” मी म्हटले, “चतुर्थी महिन्यातून एकदा येते. एका मोदकानं एवढी साखर?” काका खाली बघत म्हणाले, “मोदक उरतात हो. ते संपवायला आठवडा लागतो.” मीही हसलो, तेही हसले. पण त्या हसण्यात खरे बाहेर आले. रागावलो असतो तर काका पुढच्या वेळी मोदक लपवून आले असते.

हसण्याचा हा उपयोग मला सर्वांत मोठा वाटतो. माणूस स्वतःच्या चुकीवर हसला की ती चूक कबूल करायला सोपी जाते. आणि कबूल झालेल्या दुखण्यावरच डॉक्टरला काही करता येते.

शास्त्र काय सांगते?

अमेरिकेतले नॉर्मन कझिन्स नावाचे संपादक 1964 साली सांध्यांच्या तीव्र आजाराने अंथरुणाला खिळले. विनोदी चित्रपट बघून दहा मिनिटे खळखळून हसलो की दोन तास वेदनेविना झोप लागते, असा अनुभव त्यांनी सांगितला. 1979 मध्ये त्यांचे पुस्तक आले आणि जगभर ‘हास्य हेच औषध’ अशी हवा झाली. पण एका रुग्णाची हकिकत म्हणजे पुरावा नव्हे, हे लक्षात ठेवावे. आपल्याकडे डॉ. मदन कटारिया यांनी 1995 च्या मार्च महिन्यात मुंबईला एका बागेत पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला. आज तालुक्याच्या गावीसुद्धा सकाळी बागेत हात वर करून हसणारी मंडळी दिसतात. काही जण त्यांना हसतात. हसू द्या, तेवढाच त्यांचाही व्यायाम.

हसण्याचा अभ्यास करणारे अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांना दोन गोष्टी आढळल्या. माणूस एकटा असताना जेवढा हसतो त्याच्या सुमारे तीसपट तो चारचौघांत हसतो. आणि बहुतेक हसू विनोदावर येतच नाही. “अरे, तू कधी आलास?” असल्या साध्या बोलण्यावर येते. म्हणजे हसायला विनोद पाठ असावे लागत नाहीत, माणसे जवळ असावी लागतात. ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार यांच्या गटाला एकत्र हसल्यानंतर माणसांची वेदना सहन करण्याची ताकद थोडी वाढलेली दिसली.

आभारांचाही अभ्यास झाला आहे. एमन्स आणि मॅकलॉ या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये तो प्रसिद्ध केला. एका गटाने दर आठवड्याला ज्यांबद्दल कृतज्ञ वाटते अशा गोष्टी लिहिल्या, दुसऱ्या गटाने कटकटी लिहिल्या. दहा आठवड्यांनी पहिल्या गटाला आपले आयुष्य एकंदरीत बरे वाटत होते, त्यांच्या शरीराच्या तक्रारीही कमी होत्या. फरक काही प्रचंड नव्हता. पण फुकटच्या गोष्टीतून एवढे मिळत असेल तर नाकारायचे कशाला?

एक सूचना मात्र महत्त्वाची. दमा असेल, हर्निया असेल, पोटाचे किंवा छातीचे ऑपरेशन नुकतेच झाले असेल, तर जोरजोरात हसण्याचे व्यायाम डॉक्टरांना विचारूनच करावेत.

हसण्यावारी नेलेले दुखणे

आता स्वतःची फजिती सांगतो. तीन वर्षांपूर्वीचा वैशाख. दुपारी एका लग्नाला गेलो होतो. मठ्ठा, जिलेबी, आग्रह, सगळे यथासांग झाले. संध्याकाळी दवाखान्यात बसलो तर छातीच्या मधोमध दडपल्यासारखे वाटू लागले. घाम येत होता. पण वैशाखात घाम कुणाला येत नाही? मी पित्ताची गोळी चघळली. आमचे कंपाउंडर माझ्याकडे बघत म्हणाले, “साहेब, ई.सी.जी. काढू या का?” मी म्हटले, “जिलेबीचा ई.सी.जी. काढतात का?” बाकावरचे सगळे हसले. कंपाउंडर हसले नाहीत.

हीच तक्रार दुसऱ्या कुणी सांगितली असती तर मी त्याला उठूसुद्धा दिले नसते. स्वतःच्या बाबतीत मात्र मी तिची जिलेबी केली.

घरी गेलो. सौ. म्हणाली, “चेहरा का असा दिसतोय?” मी तोच जिलेबीचा विनोद केला. तिने हातातले काम खाली ठेवले. म्हणाली, “तुम्ही एखादा विनोद केलात की आधी स्वतः हसता. आज हसला नाहीत.” आणि मला न विचारता तिने कंपाउंडरांना फोन लावला. ते दहा मिनिटांत यंत्र घेऊन हजर. पट्टीवर जे उमटले ते पाहून मला काही सांगायची गरज उरली नाही. 108 ची गाडी आली, जिल्ह्याच्या गावी नेले, रात्रीतच अँजिओप्लास्टी झाली. आणखी दोन-तीन तास गेले असते तर हृदयाचा बराच भाग निकामी झाला असता, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले. जे माझ्या स्टेथोस्कोपने ऐकले नाही ते तिच्या कानांनी ऐकले.

म्हणून सांगतो. विनोद दोन प्रकारचा असतो. एक दार उघडतो, दुसरा दार लावून घेतो. मोदकाच्या काकांचा पहिला, माझ्या जिलेबीचा दुसरा. आपल्याकडे पुरुषमंडळी दुसऱ्या प्रकारात पटाईत. “मला काय धाड भरलीये,” असे म्हणत म्हणत कितीतरी जण उशीर करतात. छातीत दाब, ओढ किंवा जळजळ, सोबत घाम, दम लागणे, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, यांतले काही जाणवले तर हसण्यावारी नेऊ नका. ताबडतोब ई.सी.जी. काढा. मधुमेही, वयस्क आणि स्त्रिया यांच्यात तर कळ न येता नुसता थकवा, मळमळ किंवा पित्तासारखी लक्षणेही असू शकतात. आणि घरातल्यांनाही विनंती. नेहमी हसणारा माणूस हसायचा थांबला किंवा उगाच हसू लागला, तर त्याला एकदा विचारा.

“समाधान मान” म्हणणारे

आता आभाराची दुसरी बाजू. आमच्याकडे एक सून डोकेदुखीसाठी येत असे. सासूबाईंना लकवा झालेला, तीन वर्षे अंथरुणावर. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्रीसुद्धा. बघायला येणारे पाहुणे चहा घेत आणि तिला म्हणत, “पुण्य लागतंय बाई तुला. समाधान मान, सेवा करायला मिळतेय.” मी बी.पी. पाहिले, डोळे तपासून घेतले, सगळे ठीक. झोप किती, असे विचारले तेव्हा ती हसली आणि म्हणाली, “डॉक्टर, पुण्य इतकं साठलंय की घरात ठेवायला जागा नाही. कुणी थोडं घेऊन जाईल का?”

मला त्या वाक्याला हसू आले आणि लगेच वाईटही वाटले. दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याला आणि गावातच दिलेल्या नणंदेला बोलावून घेतले. “गोळ्या लिहून देतो, पण त्या हिच्यासाठी नाहीत, तुम्हा दोघांसाठी आहेत,” असे सांगून कागदावर लिहिले: आठवड्यातल्या दोन रात्री नणंदेने, दोन रात्री मुलाने आईजवळ झोपायचे. नवरा आधी कुरकुरला, पण नणंद तयार झाली. दीड महिन्याने सून आली ती डोकेदुखी घेऊन नव्हे, तर नणंदेच्या मुलाला खोकला झाला म्हणून त्याला घेऊन.

समाधान हे ज्याचे त्याने मानायचे असते. ते दुसऱ्याने मानायला लावले की त्याचा दगड होतो. ज्याच्यावर ओझे आहे त्याला “समाधान मान” म्हणणे हे आभार नव्हेत. ओझ्याचे एक टोक आपण उचलणे, हे आभार.

हीच गोष्ट उदास झालेल्या माणसाची. त्याला “हसत राहा” म्हणणे म्हणजे पाय मोडलेल्याला “पळत राहा” म्हणणे. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ मन खिन्न असेल, झोप आणि भूक उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांकडे न्या. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. क्रमांक 14416. रात्रंदिवस चालू असते, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येते. हा क्रमांक कापून ठेवावा.

बैलाचे आभार, बायकोचे नाहीत

आपण कृतघ्न आहोत असे मुळीच नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-लोणी लावून मळतात, त्याला जेवणाचे आवतण देतात, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी खाऊ घालतात. खंडेनवमीला नांगर, वजनकाटा, शिलाई मशीन यांची पूजा होते. एस.टी.चे ड्रायव्हर गाडीला झेंडूचा हार घालतात. आमचे कंपाउंडर माझ्या बी.पी.च्या यंत्राला दरवर्षी फूल वाहतात. पण ते यंत्र रोज पुसून ठेवणाऱ्या कंपाउंडरांना मी इतक्या वर्षांत कधी काही वाहिले नव्हते. जुनी माणसे जेवून उठताना “अन्नदाता सुखी भव” म्हणत. त्यातही आशीर्वाद अन्नदात्याला. रांधणारी मात्र तेव्हा पंगतीत नसे, चुलीपाशी असे.

एक अडचण भाषेची आहे. “मी आपला आभारी आहे” हे वाक्य घरात म्हटले तर सभेला आल्यासारखे वाटते. कंडक्टरला, दुकानदाराला आपण “थँक्यू” म्हणतो, पण बायकोला किंवा आईला म्हणताना जीभ अडखळते. माझे काय झाले पाहा. हॉस्पिटलमधून सुटताना मी डॉक्टरांचे, सिस्टरांचे, वॉर्डबॉयचे आभार मानले, सगळ्यांना पेढे वाटले. घरी आलो. दुसऱ्याच दिवशी ताटावर बसून सौ.ला म्हणालो, “भाजीत मीठ विसरलीस का?” ती म्हणाली, “विसरले नाही. मोठ्या डॉक्टरांनी कमी करायला सांगितलंय.” जिने जीव वाचवला तिला मी पहिले वाक्य मिठाबद्दल बोललो.

वाचनालयाच्या त्या रात्री मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. ती भाकरी थापत होती. मी म्हटले, “त्या दिवशी तू फोन केला नसतास तर आज मी नसतो. हे तुला कधी सांगितलंच नाही.” तिचे हात थांबले. माझ्याकडे वळून म्हणाली, “आज हे काय मध्येच? परत छातीत दुखतंय का?” आणि खरोखरच पिठाच्या हाताने तिने माझी नाडी धरली!

घरातले आभार इतके दुर्मिळ असावेत की ते रोगाचे लक्षण वाटावे? आम्ही खूप हसलो. तव्यावरची भाकरी करपली. त्या रात्री मी ती करपलेली भाकरी खाल्ली आणि मिठाबद्दल एक अक्षर काढले नाही.

मग करायचे काय?

मोठे काही नाही. आपल्या प्रत्येकाच्या घरी भिंतीवर कॅलेंडर असते. त्याच्या चौकोनात आपण काय लिहितो? दूधवाल्याचे खाडे. जे आले नाही त्याची नोंद. बाकीचे दिवस पहाटे थंडी-पावसात दूध दारात आले, त्याची नोंद कुणी करत नाही. माझी सूचना इतकीच की त्याच चौकोनात रोज रात्री आलेल्या एका गोष्टीची दोन शब्दांत नोंद करावी. ‘शेजाऱ्यांनी गॅस आणला.’ ‘मुलगा स्वतः अभ्यासाला बसला.’ ‘गुडघा कमी दुखला.’ महिनाअखेरीस दुधाच्या हिशेबाबरोबर तेही वाचावे.

दुसरे, आभार मोघम मानू नयेत. “तू किती करतेस” यापेक्षा “काल रात्री दोनदा उठून मला पाणी दिलंस” हे जास्त पोहोचते. शब्द जमत नसतील तर कामाने माना. एक दिवस चहा आपण करावा. तो बिघडेल. त्यावर घर हसेल. म्हणजे दोन्ही सवयी एकाच कपात.

तिसरे, दिवसातले एक जेवण सर्वांनी मिळून घ्यावे. टी.व्ही. आणि मोबाइल बाजूला ठेवून. तिथे आपली दिवसभरातली एक फजिती सांगावी. आपली, दुसऱ्याची नव्हे. कुणाच्या व्यंगावर, रंगावर, बोलण्यावर हसून ज्याचे रक्त वाढते असे त्याला वाटते, तो दुसऱ्याचे आटवत असतो.

आणि चौथे, गोळ्या चालू ठेवाव्यात. हसल्याने रक्तदाबाची गोळी बंद होत नाही आणि आभार मानल्याने साखर उतरत नाही. मीही माझ्या गोळ्या रोज घेतो. पण गोळी हातावर ठेवणारे माणूस कोण आहे, याकडे आता जरा बघून घेतो.

जाता जाता एक राहिलेले काम. मी हॉस्पिटलमध्ये असताना कंपाउंडरांनी दवाखान्याच्या दाराला फळा लावला होता. त्यावर खडूने लिहिले होते, ‘डॉक्टर आजारी असल्यामुळे दवाखाना बंद आहे. पेशंटनी प्रकृतीची काळजी घ्यावी.’ मी परत आलो तेव्हा त्याखाली वेगळ्याच, वाकड्यातिकड्या अक्षरात कुणीतरी दोन शब्द जोडले होते, ‘डॉक्टरांनी पण.’ ते कुणी लिहिले हे आजवर कळलेले नाही. फळा मी पुसू दिलेला नाही. लिहिणारे या पेपरचे वाचक असतील तर त्यांचे, आणि आमच्या कंपाउंडरांचे, आज या जागेवरून आभार मानतो.

या वेळी मंडळी उठायच्या आत.